मोजणाऱ्याचा नंबर

"तुमच्याकडे लाईट कधी जाते?"

पलटणीत भरती होताना मला विचारलेला पहिला प्रश्न हा. बंदूक चालवता येते का, नकाशा वाचता येतो का, याआधी कुठल्या तुकडीत होतात, यातलं काही नाही. मी उत्तरांची तयारी करून बसले होते. प्रश्नच दुसरा आला. मी म्हणाले, "धुळ्यात आहे मी. आमच्या भागात मंगळवारी जाते. कधी कधी न सांगता."

हेडफोनमधून एक जाडसर, खोकलेला आवाज आला. "न सांगता किती वेळा? अंदाजानं सांगू नको व माय. लिहून ठेव अन् पुढच्या रविवारी सांग."

हे आमचे आबा. तापी पलटणचे प्रमुख. वय पासष्टच्या पुढे, मुक्काम तेव्हा मुक्ताईनगरजवळचं एक गाव, घरामागे भावाची केळीची बाग, आणि सगळी हयात एसटीत कंडक्टर म्हणून गेलेली. आता ते सुरतेला मुलाकडे असतात. तिकडे लाईट जात नाही, त्यामुळे त्यांना करमत नाही, असं त्यांची बायको, म्हणजे आमच्या अक्का, फोनवर सांगतात.

मी तिथे भरती व्हायला गेले नव्हते. उघडं पाडायला गेले होते. तेव्हा मी आमच्या संघटनेची पत्रकं लिहायची, आणि पुढच्या पत्रकाचा विषय ठरला होता: तरुणांना युद्धाची चटक लावणारे संगणकावरचे खेळ. बेरोजगारीवर बोलायचं सोडून आमची पिढी खोट्या बंदुका घेऊन खोट्या डोंगरांवर चढते, हा प्रकार मला संतापजनक वाटायचा. अजूनही वाटतो. एका मैत्रिणीच्या भावाने सांगितलं, खान्देशातली एक तुकडी आहे, दर रविवारी दुपारी दोन ते पाच खेळते. म्हटलं, आत घुसू, दोन रविवार बघू, मग धोपटू.

दोन रविवारांचं दीड वर्ष झालं. पत्रक अजून लिहायचं आहे.

हा खेळ म्हणजे धावा-मारा-परत जिवंत व्हा, असला पोरखेळ नाही. इथे चाळीस मिनिटं नुसतं चालावं लागतं. एक गोळी लागली की त्या दिवसापुरता माणूस संपला. ओरडून सांगून चालत नाही, वायरलेसवर नीट बोलावं लागतं. नकाशा कुठल्याशा थंड देशाचा. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि आम्ही गुडघाभर बर्फात. जळगावात शिवणकामाचं दुकान असलेले सलीमभाई म्हणायचे, "ताई, मैं तो कूलर बंद करके बैठता हूं. बघूनच गार वाटतं."

सलीमभाई पलटणीत नंबर एक. नंबर चार पंकज, नरडाण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मशीनवर. मी शेवटची आले म्हणून नंबर आठ. बाकीचे पाच जण यावलपासून शिरपूरपर्यंत विखुरलेले. त्यांची नावं मी सांगत बसत नाही, कारण आबांनीही कधी घेतली नाहीत. आबांच्या लेखी आम्ही सीट नंबर होतो.

निघण्यापूर्वी मोजणी. ती झाल्याशिवाय खेळातल्या ट्रकचं चाक हलायचं नाही.

"एक?"

"हजर."

"दोन?"

"हजर."

असं आठपर्यंत. मग आबा म्हणायचे, "आठ भरले. डबल बेल." म्हणजे निघा. थांबायचं असलं की "सिंगल बेल." मोहिमेच्या मध्यावर, गोळ्या चालू असतानासुद्धा, ते अचानक मोजणी घ्यायचे. एकदा पंकज चिडला. "आबा, आते मोजणी? मनं डोकं वर करता येत नई!"

"डोकं खालीच ठेव. तोंड कुठी अडकलंय?"

मोजणीचं हे वेड कुठून आलं, याची एक कथा ते प्रत्येक नव्या माणसाला ऐकवायचे. कंडक्टर असताना एकदा चहाच्या थांब्यावर त्यांनी सीट न मोजताच बेल दिली. वीस किलोमीटर पुढे गेल्यावर लक्षात आलं, खिडकीजवळची म्हातारी नाही. आबांनी ड्रायव्हरला गाडी वळवायला लावली. भरलेली गाडी, लोकांनी आईबहिणीवरून उद्धार केला, गाडी दीड तास लेट, वरून लेखी मेमो. परत थांब्यावर पोचले तर म्हातारी बाकड्यावर बसून भजी खात होती. म्हणाली, "काबरं आले बापा परत? मी तं अठीच उतरली. माझ्या भाच्याचं घर हाये ना."

कथा इथे संपली की लोक हसायचे. आबा हसायचे नाहीत. "हसता काबरं? ती उतरली होती हे मला माहीत होतं का? नव्हतं ना? मग?" तो मेमो त्यांनी फ्रेम करून कॉम्प्युटरच्या वर भिंतीला लावला होता. व्हिडिओ कॉलवर मी स्वतः पाहिलाय. त्याच्या एका बाजूला मुक्ताईचा फोटो, दुसऱ्या बाजूला हाताने आखलेला तक्ता: आठ नंबर, आठ गावं, कुठल्या वारी कुठल्या वेळेला लाईट जाते.

सामन्याच्या दिवशी ते खाकी शर्ट घालून बसायचे. कॅमेरा बंद असायचा, कुणाला दिसणार? पण घालायचे. हेडफोनखाली हातरुमालाची घडी, कारण कान दुखतात. अक्का मध्येच येऊन विचारायच्या, "चहा ठेवू का?" आणि आबा माइक बंद करायला विसरून सगळ्या पलटणीला विचारायचे, "चहा ठेवू का?" आठ जण आठ गावांतून सांगायचे, "ठेवा." मग खरंच आठ घरांत चहा ठेवला जायचा.

नेमबाजीत शून्य. मी असताना त्यांनी दीड वर्षात दोन माणसं मारली, त्यातला एक आमचा होता. त्या नंबर पाचची त्यांनी सलग तीन रविवार माफी मागितली. शेवटी पाच म्हणाला, "आबा, आता पुन्हा माफी मागितली तर मी खरंच मरेन."

माझं आणि त्यांचं पहिल्याच मोहिमेत वाजलं. मला टेहळणीला पुढे पाठवलं होतं. टेकडीवर शत्रू दिसले. मी माइक दाबला. "साथींनो, समोरच्या टेकडीवर काही सशस्त्र लोक आपली वाट अडवून बसलेले आहेत, आणि मला असं वाटतं की त्यांनी ही जागा आधीपासूनच..."

तेवढ्यात मला गोळी लागली.

आबा म्हणाले, "भाषण छान होतं. शत्रू कुठी होता?"

मला काय संताप आला म्हणून सांगू. मी चौकात बोलायला उभी राहिले की रिक्षा थांबतात! पण आबांचा नियम साधा होता. वायरलेसवर तीनच गोष्टी. कुठी, किती, किती लांब. "राग नंतर. राग चहाच्या वेळेला. मी स्वतः ऐकून घेतो."

आणि खरंच ऐकून घ्यायचे. पाच वाजता सामना संपला की अर्धा तास मी बोलायची आणि ते "हं, हं" करायचे. त्या वेळी एका तालुक्याच्या कचेरीत बायकांच्या स्वच्छतागृहाला कायम कुलूप असायचं, त्यावर माझी मोहीम चालू होती. चार पानी पत्रक, पितृसत्तेपासून सुरुवात. आबांनी ते सगळं फोनवर ऐकलं आणि विचारलं, "कुलूप कुठी हाये? किती? किल्ली किती लांब?" मी फोन आपटला. दुसऱ्या दिवशी चार ओळींचं पत्रक काढलं. स्वच्छतागृह: एक. कुलूप: एक. किल्ली: साहेबांच्या ड्रॉवरमध्ये. साहेब: रजेवर. लोक थांबून थांबून वाचायला लागले, हसायला लागले, आणि आठवड्यात कुलूप निघालं. मी आबांना हे सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर मोजणीत सांगत बसले असते.

पण मूळ भांडणाचा मुद्दा हा नव्हता. तो होता थांबण्याचा.

आमच्या सर्व्हरवर एक विचित्र नियम आहे. खेळता खेळता तुमच्याकडची लाईट गेली, नेट तुटलं, तर तुमचा सैनिक नाहीसा होत नाही. जिथे असेल तिथे, बंदूक छातीशी धरून, पुतळ्यासारखा उभा राहतो. शत्रू आला की त्याला सहज टिपतो, आणि लाईट परत आल्यावर तुम्हाला कळतं की आपण मेलो, आता पुढच्या रविवारी या. मुंबई-पुण्याच्या तुकड्यांना या नियमाशी देणंघेणं नाही, त्यांचे पुतळे होतच नाहीत. आमच्याकडे मात्र दर सामन्यात एखादा तरी व्हायचाच. तक्ता कितीही आखा, लाईट काय तक्ता वाचून जाते?

बाकीच्या तुकड्या पुतळा सोडून पुढे जातात. आबा जाऊ द्यायचे नाहीत. पुतळा झाला की "सिंगल बेल." सगळी पलटण त्याच्याभोवती गोल करून, तोंडं बाहेरच्या बाजूला करून, बर्फात आडवी. लाईट येईपर्यंत. दहा मिनिटं, वीस मिनिटं, एकदा तर पाऊण तास. तेवढ्यात शत्रू ठाणं घेऊन, झेंडा लावून, घरी जेवायला गेलेला असायचा.

म्हणजे आम्ही हरायचो. एकदा-दोनदा नाही. सतत. विरोधी तुकड्या तर आमची लाईट जायची वाटच बघायच्या. एक नाशिकवाला सामन्याआधी मोकळ्या माइकवर विचारायचा, "काय, आज कुणाचं भारनियमन?"

सगळ्यात जास्त पुतळा व्हायचा पंकज. "आबा, मनी लाईट चालनी..." एवढंच ऐकू यायचं आणि त्याचा आवाज तुटायचा. परत आला की पहिलं वाक्य, "तुम्ही बठ्ठा आठेच शेतस?" म्हणजे, तुम्ही सगळे इथेच? दर वेळी तेच, दर वेळी तितकंच आश्चर्य.

मी एकदा आबांना सरळ विचारलं, "एका माणसासाठी आठ जणांनी हरायचं, हा कुठला न्याय?"

ते म्हणाले, "सहा दिवस तो कारखान्यात मशीनपुढं उभा. सातव्या दिवशी अठी येतो. त्यातबी उभ्या उभ्या मारू द्यायचा?"

"भावना ठीक आहे आबा. पण ही रणनीती नाही."

"रणनीती कोण म्हणलं? मी तं गाडी चालवून राह्यलो."

मग हे सामने भरवणाऱ्या रविवार लीगवाल्यांचं पत्र आलं. तळाची तुकडी पुढचा सामना हरली तर तिला लीगमधून काढणार, आणि तिचा दोन ते पाचचा वेळ दुसऱ्यांना देणार. तळाला कोण होतं हे सांगायला नकोच. पुढचा सामना पुण्याच्या तुकडीशी, ज्यांचे माइकसुद्धा एकसारखे होते.

माझ्यातला कार्यकर्ता खडबडून जागा झाला. पलटण वाचवायची तर नेतृत्व बदललं पाहिजे. एका माणसाच्या लहरीवर नऊ जणांचा रविवार चालतो, याला लोकशाही म्हणतात का? मी पत्रक काढलं. शीर्षक: "थांबणं ही रणनीती नव्हे!" खाली पाच मागण्या. पहिली: यापुढे एका सैनिकासाठी पलटण थांबणार नाही. ग्रुपवर टाकलं आणि नाट्य घडण्याची वाट बघत बसले.

नाट्य असं घडलं की आबांनी रविवारी दोन वाजता ते पत्रक वायरलेसवर संपूर्ण वाचून दाखवलं. स्टँडवर गाडी लागल्याची घोषणा करावी त्या आवाजात, उद्गारचिन्हांसकट. "थांबणं ही रणनीती नव्हे, उद्गारचिन्ह." संपल्यावर म्हणाले, "चांगलं लिहिलंय. मागणी तीन अन् पाच एकच हाये, तेवढी एक काढ. बाकी मतदान घेऊन टाका."

खेळातल्याच छावणीत मतदान झालं. आबा पाहिजेत त्यांनी ट्रकपाशी उभं राहायचं, मी पाहिजे त्यांनी विहिरीपाशी. पंकज धावतच ट्रककडे गेला. सलीमभाई मध्ये उभे राहून म्हणाले, "ताई, आपका पॉइंट सही है, लेकिन मेरा पैर नहीं उठ रहा," आणि तेही ट्रककडे गेले. मोजलं तर ट्रकपाशी चार, विहिरीपाशी मला धरून चार.

बर्फ पडत होता. मग आबांचा सैनिक हलला. ते नेहमी चालायचे तसे, जरा तिरके, कारण त्यांना माउस नीट धरता यायचा नाही. ट्रकला वळसा घातला, विहिरीपाशी आले, आणि माझ्या शेजारी उभे राहिले.

"आबा, भलत्या बाजूले उभा शेतस तुम्ही!" पंकज ओरडला.

"मला दिसतं," आबा म्हणाले.

मी जिंकले. जिंकल्यावर माणसाला बरं वाटतं, निदान इतर निवडणुकांत तरी मला वाटलं होतं. त्या रात्री मी आमच्या गल्लीतल्या कुत्र्यावरसुद्धा खेकसले.

पुढचा रविवार. मे महिन्यातली दुपार, पूर्वेकडे केळीपट्ट्यात वारा सुटल्याच्या बातम्या. मी सगळ्यांना विचारून घेतलं होतं: लाईट? आहे. नेट? आहे. आबांना विचारायचं मनातही आलं नाही. त्यांच्याकडे इन्व्हर्टर होता. आमच्यात तो एकट्यांकडेच. त्याच्या बॅटरीत ते दर शनिवारी पाणी बघायचे आणि त्याचा अहवाल आम्हाला द्यायचे. दीड वर्षात आम्ही प्रत्येक जण कधी ना कधी पुतळा झालो होतो. आबा एकदाही नाही.

मी मोजणी घेतली. "एक?" "हजर." "दोन?" "हजर." माझा स्वतःचा नंबर मीच म्हटला. "आठ. हजर. आठ भरले. डबल बेल!"

आबांना मी ट्रकपाशी ठेवलं होतं. पाठ राखायला, असं म्हटलं. खरं कारण, तिथून ते कुणाला थांबवू शकले नसते.

आणि काय सांगू, आम्ही काय खेळलो! कुठी, किती, किती लांब. माझ्या तोंडून एक शब्द जास्त नाही. नाला ओलांडला, झाडीतून चढलो, पुण्याच्या तिघांना त्यांनी पाहायच्या आत टिपलं. टेकडीवरचा वायरलेसचा मनोरा आमच्या ताब्यात आला. तो दहा मिनिटं राखायचा, की सामना आमचा. चार मिनिटं झाली. सलीमभाई कुजबुजत होते, "या अल्लाह, आज जीत रहे हैं क्या?"

तेवढ्यात त्यांनाच दिसलं. "ताई, नीचे चार लोग. पश्चिम से. ट्रक की तरफ जा रहे हैं."

मी माइक दाबला. "आबा, चार जण, पश्चिमेकडून, तीनशे मीटर."

उत्तर नाही.

"आबा?"

उत्तर नाही. मी दुर्बीण वळवली. ट्रकपाशी आबांचा सैनिक उभा होता. बंदूक छातीशी. खांद्यावर बर्फाचा थर. आम्ही निघालो तेव्हा होता तसाच, त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून.

पंकज हळूच म्हणाला, "आबा निंघतानाच चालना गयथा. आपलाले समजनंच नई."

कसं समजणार? मोजणी पूर्ण भरली होती! कंडक्टर सीट मोजतो, स्वतःला मोजत नाही. आबांना नंबरच नव्हता. दीड वर्षं दर रविवारी आठ म्हणून निघत होतो आणि नऊ जण चालत होतो, आणि लोकशाहीच्या गप्पा मारणाऱ्या माझ्यासकट एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. मी त्यांच्याकडून आवाज घेतला, बेल घेतली, आणि त्यांची चूकही जशीच्या तशी उचलली.

सहा मिनिटं बाकी होती. हिशोब सोपा होता. ते चौघे जाऊन आबांना मारणार, आम्ही मनोरा राखणार, सामना जिंकणार, पलटण वाचणार. एक माणूस आजच्या दिवसापुरता बाद. मागणी क्रमांक एक. माझ्याच हातची.

"ताई," पंकज म्हणाला, "कमांडर तुम्ही शेतस. सांगा."

हेडफोनमध्ये सात जणांचे श्वास ऐकू येत होते. एकाच्या घरी पंखा खरखरत होता.

मी म्हणाले, "मागे फिरा."

एकानेही "का" विचारलं नाही. विहिरीपाशी माझ्या बाजूला उभे राहिलेले तर सगळ्यांच्या आधी उताराला लागले. नियम, आडोसा, सगळं विसरून आम्ही धावत सुटलो. दोघं वाटेत पडले आणि पडल्यावरही माइकवर "डावीकडे बघा, डावीकडे!" म्हणून ओरडत राहिले, जे नियमात बसत नाही. सलीमभाईंनी, ज्यांनी कधी कुणाला नेम धरून मारलं नव्हतं, त्या चौघांतल्या दोघांना पाडलं आणि म्हणाले, "माफ करना भाई." उरलेले दोघे पळाले. आम्ही आबांभोवती गोल केला, तोंडं बाहेर, आणि आडवे झालो.

टेकडीवरून पुण्याचा झेंडा वर गेला. सामना संपल्याचं मोठ्या अक्षरात आलं. आम्ही हरलो होतो आणि लीगमधून गेलो होतो.

सामना संपला की मैदान पंधरा मिनिटं तसंच उघडं राहतं, मेलेलेही परत येऊन फिरू शकतात. एरवी लोक निघून जातात. आमचे दोघे मेलेले उठून परत आले आणि गोलात आपापल्या जागी आडवे झाले. आता मारणारा नव्हता, राखायचं काही नव्हतं. तरी मी "उठा" म्हणाले नाही, आणि तेही उठले नाहीत.

मग खरखर झाली. खोकला.

"हॅलो. हॅलो. बागेतलं झाड तारेवर पडलं व माय. इन्व्हर्टर बघतो तं बॅटरीत पाणी नाही. आत्ता टाकलं तवा चालू झाला. शनिवारी टाकायचं राहून गेलं, या मतदानाच्या..." आवाज थांबला. त्यांना पडद्यावर आम्ही दिसलो असणार. "तुम्ही अठी काय करून राह्यले?"

त्यांचा सैनिक जागच्या जागी गोल फिरला.

"जिंकले का?"

"नाही," मी म्हणाले.

"मनोरा?"

"घेतला होता. चार मिनिटं राखला. मग सोडून आलो."

"काबरं?"

"तुम्ही उभे होतात."

आणि आबा जे भडकले! दीड वर्षात मी तो आवाज ऐकला नव्हता. "येडे हायेत का तुम्ही? मनोरा हातात होता अन् सोडून आले? मी काबरं मत दिलं तुला? म्हातारा झालो म्हून? अगं, माझ्यानं पाय निघत नाही कुणाला सोडून, हे मला माहीत नाही का? तुझा निघंल असं वाटलं! एकदा तरी जिंकू म्हटलं, एकदा! अन् तू, एवढी पत्रकं छापणारी..."

मागून अक्कांचा आवाज आला, "पोरीवर काबरं ओरडून राह्यले? चहा ठेवू का?"

आबा गप्प झाले. मग पंकज म्हणाला, "ठेवा, अक्का."

"ठेवा," सलीमभाई म्हणाले. एकेक करत आठही जण म्हणाले.

आबा बराच वेळ नाक ओढत होते. सर्दी असेल, त्यांना धुळीचा त्रास आहे. शेवटी म्हणाले, "मैदान बंद व्हायला किती वेळ हाये?"

"सहा मिनिटं."

"मग तशीच लोळून राहू नको. कमांडर हायेस ना? मोजणी घे."

मी घेतली. "एक?"

"हजर."

दोन, तीन. चारला पंकज जरा जोरातच बोलला. पाच, सहा, सात. आठ मी. सवयीने मी पुढचं वाक्य तोंडात घेतलं होतं, आठ भरले. ते गिळलं.

"नऊ?"

आबांना कळलंच नसावं की हे आपल्यासाठी आहे. बर्फ पडत होता, आणि आबांच्या खोलीतून स्टोव्हचा आवाज येत होता.

"नऊ?" मी पुन्हा विचारलं.

खुर्ची करकरली. एका जन्मभराच्या कंडक्टरने घसा साफ केला.

"हजर."

"नऊ भरले," मी म्हणाले. "डबल बेल."

आता जायचं कुठे, हे कुणालाच माहीत नव्हतं. पण आम्ही निघालो.